विश्लेषण : पाऊस सरताच रस्त्यावरची झाडे पिवळी का पडतात?

पिंपळाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, देशी बदामाची हिवाळ्यात लाल होतात. हा झाला ऋतुक्रम. पण भर पावसाळा संपत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादे झाड पिवळे पडू लागले तर? कीड-रोग नसेल, तर कारण बहुधा मातीत असते. शहरोशहरी रस्त्यांचे काँक्रिटीकरण सुरू असताना तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

पिवळेपणा ओळखायचा कसा?

आधी कोणती पाने पिवळी पडली ते पाहावे. खालची, जून पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता असू शकते.

गंमत अशी की, दख्खनची काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून बनली त्यात लोह भरपूर असते. पण या मातीत चुनखडीही असते. मातीचा सामू साडेसातच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकते आणि मुळांना ते घेता येत नाही. रस्त्याकडेच्या खड्ड्यात सिमेंट-चुन्याचा राडारोडा भरला, की सामू आणखी चढतो. म्हणजे रोप लावतानाच त्याच्या उपासमारीची सोय होते.

काँक्रीटचा संबंध काय?

अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती झाडाच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. खोडापर्यंत काँक्रीट ओतले किंवा वाहनांनी माती दाबली गेली, की मातीतली हवेची जागा संपते. चिकण मातीत पाणी साचले तरी तेच होते. मुळे गुदमरली की पाण्यात उभे असलेले झाडही तहानलेलेच राहते आणि पाने टाकून देते.

उपाय कोणते?

युरिया टाकणे हा उपाय नव्हे. कारण लोहाचे किंवा हवेचे असेल तर त्याचा उपयोग नाही. साधे हिराकसही चुनखडीच्या मातीत लवकर निकामी होते. चुनखडीत टिकणारे चिलेटेड लोह चालते, पण तात्पुरते. खरे काम म्हणजे काँक्रीट फोडणे, माती हलक्या हाताने मोकळी करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे. तोच पालापाचोळा आपण रोज झाडून नेतो!

कायदा काय म्हणतो?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. मोठ्या वडासाठी एक मीटर अपुरेच, पण निदान मोजता येईल असे अंतर ठरले. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत झाडाला इजा पोहोचवणे हेही तोडण्यातच मोडते. मात्र कुऱ्हाडीचा घाव पंचनाम्यात दिसतो. मुळांवर ओतलेल्या काँक्रीटचा परिणाम दिसायला काही वर्षे जातात, आणि तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते.