न लागलेल्या छर्ऱ्यांचे काय?

पदवीच्या वर्गात शिकारकथा शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. "सर, शिकार वाईट, तर हे वाचायचं कशाला?" त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार असते. साहित्यकृतीचा काळ, तिची मूल्यव्यवस्था, अनुभवाची सच्चाई असे चार मुद्दे सांगून मी पुढे जातो. यंदा मात्र एका विद्यार्थिनीने निराळाच प्रश्न विचारला. कथेतल्या शिकाऱ्याने पहाटे तळ्यावर बार काढला होता आणि दोन बदके पाण्यात पडली होती. तिने विचारले, "दोन बदकांना लागले ते सोडून बाकीचे छर्रे कुठे गेले?" वर्ग हसला. तिचे वडील गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावावर मासेमारी करतात. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या जाळ्याची शिशाची गोळी तुटून पडली तर बाबा ती पाण्यात शोधतात. म्हणून विचारलं."

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. नंतर शोध घेतला तेव्हा लक्षात आले की जगातल्या अनेक देशांनी याच एका प्रश्नावर शंभर वर्षे वाद घातला आहे आणि आपल्या शिकारसाहित्याला तो जवळजवळ सुचलाच नाही.

आधी हिशेब पाहू. बारा बोरच्या एका काडतुसात साधारणतः तीसेक ग्रॅम छर्रे भरतात. आकारमानानुसार त्यांची संख्या शंभरापासून अडीचशेपर्यंत जाते. नेम अचूक असला तरी पक्ष्याच्या अंगात त्यांतले मोजकेच शिरतात. उरलेले सगळे पाण्यात पडून तळाच्या गाळात बसतात. नेम चुकला तर सगळेच. बदकाला दात नसतात. गिळलेले दाणे भरडण्यासाठी त्याच्या पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते, तिला पेषणी म्हणतात. तिच्यात जात्याचे काम करण्यासाठी बदक तळातले बारीक खडे वेचून गिळते. छर्रा खड्यासारखा किंवा एखाद्या बीसारखा दिसतो, म्हणून तोही गिळला जातो. पेषणीत तो झिजतो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. पंख लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पक्षी लव्हाळ्यात कुठेतरी खंगून मरतो. यासाठी एखाद-दुसरा छर्राही पुरतो. म्हणजे ज्याचा नेम चुकला असे शिकारी समजतो, ते काडतूसही मारतेच. फक्त उशिरा मारते आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता मारते.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल या निसर्गअभ्यासकाने १८९४ मध्येच बदकांच्या शिसेबाधेविषयी लिहिले होते. १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज यांनी उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन ते तीन टक्के पक्षी या विषाने मरत असावेत, असा अंदाज मांडला. तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सर्वच शिकारीतून हद्दपार केले. युरोपीय संघात पाणथळ जागी व त्यांच्या लगत ते वापरण्यास फेब्रुवारी २०२३ पासून मनाई आहे.

मग शिकाऱ्याने वापरायचे काय? जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे आज प्रामुख्याने तीन पर्याय आहेत. पहिला, पोलादाचे छर्रे. हे स्वस्त आणि बिनविषारी. पण शिशाची घनता पाण्याच्या अकरापटींहून अधिक, तर पोलादाची जेमतेम आठपट. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावतो. म्हणून आकाराने दोन क्रमांक मोठे छर्रे घ्यावे लागतात आणि पक्षी अधिक जवळ येईपर्यंत थांबावे लागते. शिवाय पोलाद कठीण असल्यामुळे जुन्या, पातळ नळीच्या किंवा तोंडाशी फार आवळलेल्या बंदुकीला ते मानवत नाही. दुसरा पर्याय बिस्मथचा. तो शिशाहून थोडा हलका आणि मऊ असतो, त्यामुळे आजोबांच्या बंदुकीतही चालतो. मात्र महाग पडतो. तिसरा टंगस्टनचा. तो वजनाने शिशाच्या तोडीस तोड किंवा अधिक भारी असतो, पण किमतीनेही भारी.

शिकाऱ्यांचा आक्षेप असा होता की, पोलादाने पक्षी मरत नाही, नुसता जखमी होतो. म्हणजे दयेच्या नावाने क्रौर्यच वाढते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. बदलाच्या काळात जखमी होऊन निसटणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण अमेरिकेत वाढले होतेच. पुढे ते पुन्हा खाली आले. कारण दोष धातूपेक्षा सवयीत होता. शिशाने लावलेली लांबून बार काढण्याची सवय मोडली की पोलाद पुरते. दुसऱ्या पारड्यात काय होते, तेही पाहावे. १९९७ च्या एका हंगामात अमेरिकेत सुमारे १४ लाख बदके शिसेबाधेपासून वाचली असावीत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. माझ्या मते या वादाचा निकाल इथेच लागतो. छर्ऱ्याची निवड ही सोयीची बाब नव्हे. आपण न पाहिलेल्या मृत्यूचे उत्तरदायित्व घेण्याची ती बाब आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्याला याचे काय? आपल्याकडे शिकारच बंद आहे. योगायोग असा की, आपल्याकडेही १९९१ हेच वर्ष निर्णायक ठरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन काही प्रकारच्या शिकारीस वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती तरतूदच काढून टाकली. अमेरिकेने काडतूस बदलले, आपण बंदूक खाली ठेवली. याचा मला अभिमान वाटतो. पण बंदूक खाली ठेवल्यामुळे काडतुसाचा विचार करण्याची वेळच आपल्यावर आली नाही, हेही खरे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात संस्थानी काळातल्या शिकारींची नोंद दगडावर कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४२७३ पक्षी पडले. त्या दगडावर तारीख आहे, बंदुकांची संख्या आहे, पक्ष्यांची संख्या आहे. पाण्यात किती शिसे गेले, हा रकाना नाही.

आपल्या शिकारकथांतही तो नाही. त्यांची स्वतःची एक आचारसंहिता होती, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. जखमी जनावर सोडून परतायचे नाही, पिल्ले असलेल्या मादीवर बंदूक रोखायची नाही, हे त्या शिकाऱ्यांचे संकेत होते आणि ते पाळणारी माणसे होती. परंतु ही संहिता नेम लागलेल्या गोळीपुरती होती. माझे मोठे बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडच्या तलावांवर बदके मारीत. त्यांची बंदूक केव्हाच गेली, पण आमच्या घरात आजही रस्सा वाढताना मोठी आई म्हणते, "छर्रा पाहून खाजो बाप्पा." आमच्या दाताखाली येणाऱ्या छर्ऱ्याची काळजी घराने तीन पिढ्या केली. तळ्यातल्या अडईच्या पोटात जाणाऱ्या छर्ऱ्याची काळजी कोणी केल्याचे मी ऐकले नाही. मोठे बाबा निष्ठुर नव्हते. त्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्याला आता ठाऊक आहे, इतकाच फरक. तो पुरेसा मोठा आहे.

म्हणूनच त्या मुलीच्या प्रश्नातला दुसरा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. छर्रे थांबले, पण जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या थांबलेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले तेव्हा गळाला लावण्याच्या शिशाच्या लहान वजनांवर १९८७ मध्ये निर्बंध आले. मोठी गोळी पक्षी गिळत नाही, बारीक गिळतो. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्याच पाण्यावर ढीवर कुटुंबांची चूल पेटते. तिथे बंदी घालून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. पर्यायी वजने मच्छीमार संस्थांमार्फत शिशाच्याच भावात मिळाली पाहिजेत. फरकाची रक्कम शासनाने सोसावी. गिधाडांच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मरतात हे सिद्ध झाल्यावर आपण गुरांचे औषधपाणी थांबवले नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणली आणि मेलॉक्सिकॅमचा पर्याय पुढे केला. काम तेच राहिले, साधन बदलले.

पुढच्या वर्षीही मी ती शिकारकथा शिकवणार आहे. ती चांगली कथा आहे. फक्त पहाटेच्या त्या बारापाशी थांबून मीच वर्गाला विचारीन, की दोन बदके पडली, मग बाकीचे छर्रे कुठे गेले? आणि हा प्रश्न आपल्याच विद्यापीठातल्या एका ढिवराच्या मुलीचा आहे, हेही सांगेन.