चाहत्यांची भीती अनाठायी नाही

डिस्नी हास्ब्रो ही खेळणी कंपनी विकत घेणार, या अफवेवर चाहत्यांनी व्यक्त केलेल्या नाराजीला मागील अंकातील पत्राने पोरकटपणा ठरवले. हे अन्यायकारक आहे. डिस्नीने २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये लुकासफिल्म घेतली. २०१४ मध्ये लुकासफिल्मच्या ‘स्टार वॉर्स’च्या आधीच्या बहुतेक कादंबऱ्या व कॉमिक्स मूळ कथेबाहेर काढल्या गेल्या. चाहत्यांच्या धास्तीचे मूळ तिथे आहे.

मात्र खेळण्यांचे भवितव्य मालकीइतकेच परवान्यावरही ठरते. डिस्नीच्या राजकन्यांच्या बाहुल्यांचा परवाना २०१६ मध्ये मॅटेल या खेळणी कंपनीकडून हास्ब्रोकडे गेला, तेव्हा कोणतीच कंपनी विकली गेली नव्हती.

पण चाहत्यांचा जिव्हाळा मालकी आणि परवान्यापलीकडचा असतो. भारतात एमआरएफच्या फनस्कूल या खेळणी कंपनीने हास्ब्रोच्या सहकार्याने जी. आय. जो सैनिक बनवले. पावणेचार इंचांच्या या सैनिकाचे धड आणि पाय आतल्या रबरी कडीने जोडलेले असत. कडी जीर्ण होऊन तुटली की सैनिकाचे दोन तुकडे होत. तरीही ते तुकडे टाकवत नसत. विकत घेणारा मोठी किंमत मोजतो ती याच जिव्हाळ्याची, म्हणून चाहत्यांना या व्यवहारावर बोलण्याचा पूर्ण हक्क आहे.

– एक वाचक, दिघी (ता. श्रीवर्धन, जि. रायगड)