वस्तीचा रस्ता आणि डांबराची घाई



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गटऑफिसात काही प्रश्न हमखास येतात. पूर्वी विहिरीचा यायचा, नंतर पाइपलाइनचा, मग ठिबकचा. अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो, "साहेब, सडकेपासून वस्तीपर्यंत डांबर टाकावं म्हणतोय. घरात कार्य आहे. कसं काय करावं?"

आम्ही बांधकाम खात्याचे अभियंते नव्हे. आमचा संबंध बेण्याशी, लागणीशी आणि खोडव्याशी. पण फडातली मोळी गव्हाणीत पडेपर्यंत मधे जो रस्ता लागतो, त्याने केलेले नुकसान शेवटी शेतकी खात्याच्याच वहीत येते. म्हणून या विषयावर आमचे मत स्पष्ट लिहीत आहोत. डांबराला आमचा विरोध नाही. घाईला आहे. डांबर हे रस्त्याचे छप्पर आहे, पाया नव्हे. भिंती उभ्या नसताना कोणी पत्रे आणून टाकत नाही, पण रस्त्याच्या बाबतीत आपल्याकडे नेमके तेच चालले आहे.

आपली जमीन कशी आहे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भीमा-सीनेच्या काठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. उसाला ही माती सोन्यासारखी, पण रस्त्याच्या पोटात तीच माती राहिली तर वरचा थर दरसाल वर-खाली होत राहतो. मे महिन्यात डांबराच्या कडेने लांबच लांब चीर पडते. वळवाचे पाणी त्या चिरेतून आत शिरते, खालची माती लोण्यासारखी होते आणि वर काळा कुळकुळीत दिसणारा रस्ता पहिल्या भरल्या ट्रॉलीखाली दबतो. लोक म्हणतात, डांबर खराब होते. बहुतेक वेळा डांबर चांगलेच असते हो, खालची माती ओली असते.

मॅकॅडम नावाचा एक स्कॉटिश माणूस होऊन गेला. १८१६ साली तो इंग्लंडात ब्रिस्टलकडच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. आपल्याकडे ठेकेदार ज्याला डब्ल्यू.बी.एम. म्हणतात, त्यातला एम. म्हणजे हाच मॅकॅडम. त्याचे म्हणणे असे होते की वजन शेवटी रस्त्याखालची मूळ जमीनच पेलते आणि ती कोरडी ठेवली तर वाटेल तेवढे पेलते. फोडलेल्या खडीचा घट्ट थर घालायचा तो जमीन कोरडी राहावी म्हणून. त्या काळी त्याच्या रस्त्यांवर डांबर नव्हते. दोनशे वर्षे झाली, पण सोलापूरच्या काळ्या रानाला लागू पडेल असे याहून नेमके आम्ही दुसरे काही वाचलेले नाही.

आता कोरडी ठेवायची म्हणजे काय? सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणाच्या मानाने काहीच नाही. परंतु त्यातला मोठा वाटा सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. ऑक्टोबर २०२० मधली अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ भागात केलेला कहर कोणी विसरलेले नाही. पण पावसापेक्षाही वाईट पाणी वस्तीच्या रस्त्याला आपण स्वतःच देतो. रस्त्याला लागून उसाचा पाट असतो. आवर्तन आले की पाट तुडुंब भरतो, रात्री मोटर चालू ठेवून माणूस झोपतो, आणि पाणी रस्त्याच्या पोटात पाझरते. चिबड रानात जे होते तेच रस्त्याखाली होते, फक्त दिसत नाही. रस्त्यालगतच्या पाच-सात सऱ्यांना पाटपाणी बंद करून ठिबक टाका, एवढे केले तरी निम्मा रस्ता वाचेल. रस्त्यालगतचा पाट चार हात आत सरकवता आला तर फारच उत्तम.

दुसरा शत्रू वजन. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून पाहिले. त्यातून निघाले ते असे, की एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. हा हिशोब आपल्या ट्रॉलीला लावून पाहा. घरच्या मोटारीचा एका एक्सलवरचा भार अर्ध्या-पाऊण टनाचा. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा एक्सल पाच-सहा टनांवर जातो, कधी जास्तच. भार दहा पट धरला तर झीज दहा हजार पट येते. म्हणजे वऱ्हाडाच्या गाड्या वर्षभर ये-जा करोत, रस्त्याला त्याचे काही नाही. उसाची एक खेप मात्र सगळे वसूल करते. दहा एकर ऊस, एकरी चाळीस टन धरला तर चारशे टन होतो. डबल ट्रॉलीला वीस टन धरले तरी वीस खेपा, त्याही दहा-पंधरा दिवसांत, आणि पुष्कळदा नुकते पाणी तुटलेल्या रानातून चाकांना चिखल घेऊन. वस्तीचा डांबरी रस्ता बांधताना ठेकेदार मोटारीचा विचार करतो. आपण ट्रॉलीचा करायचा असतो.

एका गटात (गावाचे नाव सांगत नाही) सभासदाने लग्नाआधी चारशे मीटर डांबर टाकून घेतले. मृग उलटून गेलेला, जमीन ओलसर, खाली ना मुरूम ना खडी. ठेकेदाराने धूळही नीट न झाडता त्यावर बोटभर जाडीचा थर पसरला आणि रोलरच्या चार फेऱ्या मारून तो गेला. लग्नात फोटो झकास आले. हंगामात तिसऱ्या खेपेला डांबर पापडासारखे सुटले, ट्रॉलीचे चाक आत गेले, आणि भरलेला ऊस दीड दिवस जागच्या जागी वाळत उभा राहिला. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासातासाने घटते, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. ट्रॉली ओढायला दुसरा ट्रॅक्टर, उतरवायला माणसे, ड्रायव्हरची एन्ट्री वेगळीच. डांबराचा खर्च गेला तो गेलाच.

यात कोणी म्हणेल, नुकसान त्याचे, तुम्हाला काय? इथेच खरी मेख आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना सर्व सभासदांच्या एफआरपीतून सरासरीने कापतो. ज्याच्या रानातून वाहन रुतत, थांबत, अर्ध्या भाराने निघते, त्याचा वेळ आणि डिझेल त्या सरासरीत मिसळतात. ज्याने स्वतःच्या खर्चाने मुरूम टाकून वाट ठीक ठेवली, त्याच्याही बिलातून मग थोडी का होईना, रक्कम जाते. म्हणून वस्तीचा रस्ता खासगी असला तरी त्याचा हिशोब पुरता खासगी राहत नाही.

मग करावे काय? रस्त्याच्या रुंदीइतकी काळी माती निदान फूट-दीड फूट उपसून काढा. ती वाया जात नाही, माळाच्या हलक्या रानात पसरा, रान सुधारेल. त्या जागी माळाचा कठीण मुरूम थराथराने भरा, पाणी मारा आणि प्रत्येक थर रोलरने दाबा. ट्रॅक्टर चार वेळा फिरवला म्हणजे दबाई झाली असे नव्हे, आठ-दहा टनी रोलरच पाहिजे. मुरूम परस्पर खणू नका, गौण खनिजाचा परवाना तहसीलमधून घ्यावा लागतो, नाहीतर दंडाचा आकडा मुरमापेक्षा मोठा होतो. त्यावर खडीचे थर. चारशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्त्याला ७५ मिलिमीटर दाबलेल्या एका थराला नव्वद घनमीटर खडी बसते. ती दाबून घटते हे धरून सुमारे चाळीस ब्रास आणावी लागेल. ठेकेदार पंचवीस ब्रासमध्ये भागवतो म्हणाला, तर तो काय खाणार आहे ते समजून घ्या.

रस्ता शेतापेक्षा उंच हवा. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतार, आणि पाणी वाहून जाईल अशी चारी. चारीचे पाणी भावकीच्या रानात सोडून मोकळे होऊ नका, तिथून भांडण सुरू होते ते कोर्टातच संपते. जिथे पाट रस्ता ओलांडतो तिथे पुरेशा खोलीवर मोठा सिमेंटचा पाइप टाका, आणि आज एक लागत असला तरी जास्तीचा एक टाकून ठेवा. उद्या ठिबकची मेन लाइन न्यायची झाली की नवा रस्ता फोडावा लागत नाही. सडकेला मिळायचे तोंड रुंद ठेवा. डबल ट्रॉली वळताना मागचे चाक आत कापते आणि कोपरा तुटतो. त्या तोंडाखाली सडकेची गटार बुजवू नका, आणि जोड देण्याआधी ज्या खात्याची सडक असेल त्याची परवानगी घ्या.

एवढे झाले की एक पावसाळा आणि एक हंगाम त्यावरून जाऊ द्या. जिथे बसायचे तिथे रस्ता बसेल, जिथे खड्डा पडायचा तिथे पडेल. ते भरून घ्या. मग खिशात पैसे उरले तर डांबर टाका, खुशाल टाका. तेव्हा ते टिकेल. काम कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मे या काळात करा आणि माल गरम असतानाच पसरून दाबला जातो आहे ना ते स्वतः उभे राहून पाहा. प्लँट लांब असेल आणि माल थंड होऊन आला तर परत पाठवा, भीड धरू नका. साइडपट्टीला मुरूम टाकून घ्या, नाहीतर कडा पहिल्याच वर्षी कुरतडल्या जातात. आणि ट्रॅक्टर उभा करायच्या जागी, डिझेलच्या टाकीपाशी डांबर नकोच. डिझेल सांडले की डांबर विरघळते. तिथे काँक्रीट करा किंवा जाड शहाबादी फरशी बसवा.

कोणी कोणी विचारतात, मळी शिंपडली तर? धूळ चार दिवस बसते खरी, पण मळी पाण्यात विरघळते. पहिल्या वळवात ती ओढ्याला जाते. शिवाय मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे लक्ष असते, ती अशी बादलीने मागायची वस्तू नव्हे.

डांबराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. धूळ हा खरा त्रास आहे. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा रस्त्याकडेला पांढऱ्या पडलेल्या आम्ही पाहतो. दुधाची गाडी, शाळेची पोरे, अडल्या-नडल्या बाईला न्यायला आलेली रुग्णवाहिका, या सगळ्यांना गुळगुळीत रस्ता पाहिजे. वस्तीवर राहणाऱ्या माणसाने चांगल्या रस्त्याची हौस धरली तर त्यात आम्हाला उधळपट्टी दिसत नाही. वेशीजवळच्या घराला जे सहज मिळते ते रानातल्या घराला का नको?

आमचा खरा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. स्वतःच्या पैशाने डांबर टाकले की लगेच तोंडाला लोखंडी साखळी लागते. "माझा रस्ता, माझं डांबर, तुमचा ऊस बांधावरनं न्या." मागच्या बाजूच्या तीन खातेदारांचा खोडवा फेब्रुवारी उलटेपर्यंत वाट पाहत उभा राहतो, टोळी दुसरीकडे निघून जाते, आणि आमचा फिल्डमन दोन्हीकडच्या शिव्या खातो. वर्षानुवर्षे ज्या वाटेने बैलगाड्या गेल्या ती वाट डांबर टाकल्याने एकट्याची होत नाही. आडवलेली वहिवाट मोकळी करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम ५ आहे, आणि ज्याला वाटच नाही त्याला बांधावरून वाट मागण्यासाठी १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १४३ आहे. दोन्हींसाठी तहसीलदाराकडेच जायचे. २०२५ साली शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचेही ठरवले. पण खटल्याच्या तारखा लागेपर्यंत ऊस थांबत नाही, त्याला तुरे येतात.

त्यापेक्षा तीन-चार खातेदारांनी आधीच बसून टनांच्या प्रमाणात खर्च वाटून घ्यावा. ज्याचा ऊस जास्त त्याचा वाटा जास्त. दुरुस्ती कोणी करायची, हंगामात रस्त्याकडेच्या पाटाला पाणी कधी बंद ठेवायचे, हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गाव नकाशा तलाठ्याकडून काढून पाहावा. जिथे तुटक दुहेरी रेषा आहे तिथे जुना गाडीरस्ता आहे, मग ती वाट कोणा एकट्याची नाही आणि तिच्यासाठी पाणंद योजनेतून मागणी करता येते. जिथे अशी रेषा नसेल तिथे समजुतीखेरीज इलाज नाही. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बायाबापड्यांनी खडी फोडून रस्ते केले. त्यातल्या कित्येकांवर वर्षानुवर्षे डांबर पडले नाही, तरी खालची खडी कामी आली.

यंदा ज्यांना रस्त्याचे काम करायचे आहे त्यांनी ऊस तुटून गेल्यावर लगेच, पाडव्याच्या आसपास माती उपसायला घ्यावी. लागणीची नोंद देतानाच गटऑफिसला रस्त्याची लांबी, पाट कुठे ओलांडतो आणि मागे किती खातेदार आहेत, एवढे सांगून ठेवावे. मागच्यांचा ऊस कोणत्या महिन्यात तुटतो ते आमच्या नोंदीत असते. तो पाहून रोलर कधी आणायचा ते मिळून ठरवता येईल.