'सेव्ह' नसलेलं वाद्य

गेल्या महिन्यात एका मित्राच्या शॉर्ट फिल्मसाठी पार्श्वसंगीत करत होते. (पोट भरतं लेखांवर, संगीत हा वीकेंडचा उद्योग!) दुसऱ्या एका मित्राने त्याचा मॉड्युलर सिंथेसायझर पंधरा दिवस वापरायला दिला होता. रात्री दोनला असा काही आवाज सापडला... पत्र्यावरून ओघळणाऱ्या पावसासारखा. रेकॉर्ड केला, पाठवला, आणि सकाळी सगळ्या वायरी काढून नवा खेळ मांडला.

दुपारी फोन. "मस्तंय गं! फक्त शेवटी इतका मोठा होऊ देऊ नकोस, दबलेलाच ठेव. आणि दहा सेकंद लांबव."

पोटात गोळाच आला.

म्हणजे कसंय, हे यंत्र सुट्या डब्यांचं. एक डबा सूर काढतो, दुसरा त्याची धार कापतो, तिसरा आवाज कमी-जास्त करतो. कोण कोणाला जोडायचं, ते वायरींनी आपण ठरवायचं. आणि कुठली वायर कुठे होती, कुठला नॉब किती फिरवला होता, हे लक्षात ठेवणंही आपलंच काम. मोबाइलवर फोटो काढला तरी हुबेहूब तोच आवाज परत येईल, याची गॅरंटी नाही. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने आवाज साठवून ठेवायची सोय दिली. ती किती मोलाची होती, हे मला त्या दुपारी कळलं.

दोन रात्री जागून तो पाऊस काही परत आला नाही. शेवटी लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी करून दिलं. मित्र म्हणाला, "हेही चालेल." चालेल! यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

तरी मोह सुटत नव्हता, खोटं कशाला बोलू? नव्या कॅमेऱ्यासाठी साठवलेले पैसे होते. शिवाय डोक्यात अहमदाबाद होतं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरच्या मदतीने मूग कंपनीचा मॉड्युलर बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्यावर प्रयोग केले. त्या टेप कित्येक वर्षं पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. वायरी केव्हाच निघाल्या, उरल्या त्या टेप.

म्हणून पाकीट उघडण्याआधी व्हीसीव्ही रॅक उतरवून घेतलं. कॉम्प्युटरवरचा मॉड्युलर, २०१७ पासून मिळतो, मूळ आवृत्ती फुकट. (यात जोडणी सेव्ह होते, पण मी मुद्दाम केली नाही.) महिनाभर ऑफिसहून आल्यावर बसा आणि स्वतःवरच नजर ठेवा. सापडलेला आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड करून तुम्ही पुढे जाता का? मग हे वाद्य तुमचं. की पुन्हापुन्हा मागे येऊन दुरुस्त्या करता? माझे लेखसुद्धा पाच-पाच ड्राफ्टनंतर जातात, बॉस! महिनाभरात माझ्या तासन् तास वायरी जोडून झाल्या, पूर्ण झालेला तुकडा मात्र एकच. मजा आली, हे वेगळं.

रॅक परत द्यायला गेले तेव्हा मित्राने विचारलं, "मग, घेतेयस?"

"नाही रे. पण रविवारी दुपारी येत जाऊ का वाजवायला?"

"ये की. येताना वडापाव आण."