लॅपटॉप घेताना : रॅम आणि वाढीव वॉरंटी



बारावीचा निकाल लागला की खरिपाच्या बी-बियाण्याबरोबर आता आणखी एक खर्च दारात उभा राहतो, तो मुलामुलींच्या लॅपटॉपचा. दुकानात किंमत ठरते आणि मग विक्रेता दोन प्रश्न टाकतो, "रॅम वाढवून देऊ का? वॉरंटी वाढवून घेता का?" मुलगी वडिलांकडे पाहते, वडील मुलीकडे. घाईत होकार जातो आणि बिल काही हजारांनी फुगते. म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे घरूनच ठरवून निघावे.

प्रथम मेमरी. या एकाच नावाखाली दोन वस्तू येतात. ५१२ जीबीसारखा मोठा आकडा असतो ते स्टोरेज, म्हणजे माल साठवायची कणगी. ८ किंवा १६ जीबी असते ती रॅम, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते ते खळे. खळे अपुरे पडले, तर कणगी कितीही मोठी असो, मळणी रखडतेच. लेखन, हिशेब, ऑनलाइन तास आणि अर्ज भरणे एवढ्यासाठी ८ जीबी सहसा पुरते. प्रोग्रामिंग, इमारतींचे आराखडे किंवा व्हिडिओचे काम असेल तर १६ जीबी घ्यावी.

आता महत्त्वाचा प्रश्न : रॅम पुढे वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये ती आतल्या बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे चार वर्षांचा विचार आजच करावा लागतो. बदलता येणारी रॅम असेल, तर आज ८ जीबी घेऊन गरज पडेल तेव्हा भर घालता येते. मात्र डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ बसत नाही, हे ध्यानात ठेवा. लॅपटॉप बाहेर उघडल्यास वॉरंटी राहते का, तेही आधीच विचारा.

दुसरी गोष्ट वॉरंटी. नव्या लॅपटॉपला बहुधा एक वर्षाची वॉरंटी किमतीतच मिळते. वाढीव वॉरंटीचे पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या :

१) ही वॉरंटी कंपनीची की दुसऱ्या कोणाची?
२) पडणे, पाणी-चहा सांडणे यात धरले आहे का? साध्या वॉरंटीत हे सहसा नसते. त्यासाठी वेगळे संरक्षण विकतात.
३) बॅटरी धरली आहे का? ती वापराने झिजते, म्हणून पुष्कळदा वगळतात.
४) कारागीर गावात येणार, की आपण जिल्ह्याला खेटे घालायचे?

अनेक कंपन्या पहिले वर्ष संपण्याआधीही मुदत वाढवून देतात. तेव्हा काउंटरवर घाई करू नका. मूल वसतिगृहात राहून एसटीने ये-जा करणार असेल, तर पडझडीचे संरक्षण उपयोगी पडते. लॅपटॉप घरीच टेबलावर राहणार असेल, तर तेच पैसे दुरुस्तीसाठी पोस्टात बाजूला टाकलेले बरे. आणि विजा कडाडू लागल्या की चार्जर काढून ठेवावा. याला पैसा लागत नाही.

पक्के बिल जपून ठेवा. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

बाजार समितीतली पट्टी आपण हमाली-तोलाईसकट तपासतो. लॅपटॉपचे बिलही त्याच नजरेने वाचा.