छायाचित्र, पतंग आणि नावाची घाई

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पतंगाची जात ओळखणे ही आता केवळ हौशी निसर्गप्रेमींची करमणूक राहिलेली नाही. भीमाशंकरच्या रानात पांढऱ्या पडद्यावर दिव्याचा प्रकाश सोडून त्यावर बसणाऱ्या पतंगांची छायाचित्रे टिपणारे अभ्यासक आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवता उतरवता पिकावरील अळीचे चित्र मोबाइलवर दाखविणारे बागायतदार, हे वस्तुतः एकच प्रश्न विचारीत असतात. उत्तर चुकले तर पहिल्यांच्या यादीत एक खोटी नोंद पडते, दुसऱ्यांचा मात्र फवारणीचा खर्च पाण्यात जातो.

अडचण संदर्भग्रंथांपासूनच सुरू होते. कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसन यांच्या, 1892 ते 1896 या काळात निघालेल्या पतंगांवरील चार खंडांचा आधार भारतीय पतंगांच्या अभ्यासकाला आजही घ्यावा लागतो. परंतु त्यांतील वर्णने पंख पसरून टाचणीला लावलेल्या मृत नमुन्यांवरून केलेली, आणि आपल्या छायाचित्रातला जीव पंख मिटून बसलेला. गुळवेलीवर वाढणारा, पुढे डाळिंबाला सोंड खुपसून रस शोषणारा यूडोसिमा पतंग मिटल्या पंखांनी वाळक्या पानासारखा दिसतो. त्याची जात ठरविण्यास उपयोगी पडणारी मागच्या नारिंगी पंखांवरील काळी खूण नेमकी झाकलेली असते.

याहून बिकट प्रकरण सातगाव पठारावरील बटाट्याच्या पाकोळीचे आणि जुन्नरच्या टोमॅटोवरील टुटा या पाकोळीचे. दोन्ही एकाच कुळातल्या, करड्या, सेंटिमीटरभरही न भरणाऱ्या; आणि हॅम्पसन यांच्या खंडांत या कुळाला जागाच मिळालेली नाही! टुटा ही दक्षिण अमेरिकेतली, महाराष्ट्रात 2014 साली आढळलेली. कीटकशास्त्रज्ञ मेरिक यांनी 1917 साली तिचे वर्णन केले तेव्हा तिला बटाट्याच्या पाकोळीच्याच प्रजातीत (जीनसमध्ये), फ्थोरिमियात, घातले. पुढे भूमिअभिलेखातील फेरफारांप्रमाणे ती या प्रजातीतून त्या प्रजातीत फिरत राहिली आणि 2021 साली पुन्हा मूळ ठिकाणी दाखल झाली. गंमत अशी की, मेरिक हे जननेंद्रियांच्या तपासणीला फारसे जुमानीत नसत, आणि आज या दोन पाकोळ्यांचा निर्विवाद निवाडा व्हावयाचा तर त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवाचून गत्यंतर नाही. छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी ते या बाबतीत साक्ष देऊ शकत नाही.

म्हणून छायाचित्रे निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी डोक्यावरील उलट्या वाय आकाराच्या खुणेवरून आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून शेतकरीही बांधावर ओळखू शकतो. प्रश्न आहे तो मर्यादेचा, आणि पुरावा जेथे संपतो तेथेच थांबण्याच्या संयमाचा. हा संयम, दुर्दैवाने, चित्र पाहताक्षणी जातीचे नाव सांगून मोकळे होणाऱ्या मोबाइलमधील यंत्रणांपाशी नेहमीच आढळतो असे नाही. प्रजातीपर्यंतच ओळख पटली असेल तर तेवढेच लिहिण्यात कमीपणा कसला?

तेव्हा आपल्या भागातील शेतकऱ्यांना आणि छायाचित्रकारांना विनंती एवढीच की, चित्रासोबत गावाचे नाव, तारीख, ज्या झाडावर वा पिकावर जीव आढळला त्याचा उल्लेख आणि मोजपट्टी अवश्य असू द्यावी. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या सापळ्यात, पडलेले दोन-चार नर फेकून न देता कोरड्या डबीत जपून ठेवावेत, आणि शंका असेल तेथे ते नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवावेत.