मुभा आहे, पण नियम कुठे आहेत?

गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, या वादात आपल्याकडे दोनच पक्ष दिसतात. एक म्हणतो, तरुण पिढी बरबाद होईल. दुसरा म्हणतो, केवढा महसूल बुडतो आहे! प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला दोघांचीही एकच चूक दिसते. आज सरसकट बंदी आहे असे दोघेही गृहीत धरतात. ती तशी नाही.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजाची व्याख्या करतांना फक्त झाडाचा फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे मोजतो. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्याने वगळल्या आहेत. म्हणून नुसत्या पानांची भांग या कायद्यात बसत नाही. तिचे काय करायचे ते राज्यांच्या अबकारी कायद्यांनी ठरवायचे. कलम १० अन्वये चरस सोडून या वनस्पतीची लागवड, वाहतूक व विक्री यांचे वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी नियमन करण्याचा अधिकार राज्यांना आहे. कलम १४ अन्वये धागा व बियांसाठी लागवडीची मुभा सरकार देऊ शकते. अधिकार आहेत, प्रश्न आहे तो वापरण्याचा.

ते नीट न वापरल्याने काय होते? मी बेंगळुरूत राहतो, म्हणून इथलेच उदाहरण देतो. २०२० साली कोरमंगला भागात या वनस्पतीच्या औषधांचा दवाखाना उघडला. आयुर्वेदातली 'विजया' ती हीच. वैद्याची चिठ्ठी, औषधाची बाटली, सारे काही रीतसर. २०२२ च्या जूनमध्ये याच शहरात बेगूर पोलिसांनी एका माणसाला २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा बाळगल्याबद्दल अटक केली. ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. भांग या कायद्याखाली प्रतिबंधित असल्याचे दिसत नाही, आणि ती चरस वा गांजापासून केल्याचा शास्त्रीय पुरावाही समोर नाही, असे न्यायालयाने म्हटले.

उरलेला ४०० ग्रॅम गांजा हा गुन्हाच आहे, पण तो १ किलोच्या आत, म्हणजे 'अल्प प्रमाणा'तला. आता हिशेब पहा. ते २९ किलो फुलोऱ्याचे ठरले तर २० किलोंच्या वरचे 'व्यापारी प्रमाण', आणि शिक्षा किमान १० वर्षे. पानांचे ठरले तर या कायद्याखाली गुन्हाच नाही. माणसाच्या आयुष्याची १० वर्षे पान की फुलोरा या एका प्रश्नावर टांगलेली असतांना त्याचे उत्तर मात्र जामिनाच्या अर्जापर्यंत मिळत नाही. यात एखाद्या फौजदाराला दोष देऊन काय साधणार? जिथे नियम संपतो, तिथे मर्जी सुरू होते.

नियमन ही पाश्चात्यांकडून उसनी आणायची कल्पनाही नव्हे. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने सरसकट बंदी नाकारून परवाना आणि कर यांची शिफारस केली होती. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, तेव्हा गांजाची शेती होत असे.

उलट घाईचा धडा थायलंडकडून घ्यावा. २०२२ मध्ये त्यांनी गांजा बंदीच्या यादीतून काढला, पण सविस्तर कायदा केलाच नाही. गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि २०२५ मध्ये फुलोऱ्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट परत आणावी लागली. कोलोरॅडोने २०१२ च्या मतदानानंतर आधी नियम लिहिले आणि दुकाने २०१४ च्या जानेवारीत उघडली. क्रम महत्त्वाचा.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी.

१) जप्त माल पान आहे की फुलोरा, याचा तपासणी अहवाल ठरावीक दिवसांत देणे बंधनकारक असावे.

२) उत्तराखंडने २०१८ साली औद्योगिक लागवडीला परवाना दिला, तेव्हा नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. अशी मर्यादा आणि परवानाधारकांची यादी जनतेला पाहता यावी.

३) औषधाच्या बाटलीवर टीएचसीचे प्रमाण छापावे, जाहिरातीला मनाई असावी.

४) नियमन महसूल गोळा करणाऱ्या खात्याकडे देऊ नये. कर्नाटकात २००३ पासून दारूची घाऊक विक्री सरकारी महामंडळच करते. विक्री वाढली की ज्याची पाठ थोपटली जाते, त्यालाच विक्री आवरायला सांगणे ही स्वतःची फसवणूक आहे.

मी गांजा ओढण्याची मोकळीक मागत नाही. सरकारने आपला कायदा आधी स्वतः वाचावा आणि मग नागरिकाला समजेल असा लिहावा, एवढीच माझी मागणी आहे. 'प्रकरण विचाराधीन आहे' हा शेरा मी सेवेत असंख्य फाइलींवर पाहिला. तो लिहिणाऱ्याला कधी शिक्षा होत नाही. शिक्षा भोगतो तो पान आणि फुलोरा यांतला फरक सिद्ध होईपर्यंत कोठडीत बसलेला माणूस.